बाळासाहेबांचे दोन संघ

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मी लोणावळा स्टेशनातल्या आमच्या कचेरीत मालाच्या पावत्या तपासत बसलो होतो, तेव्हा भिवा दारात येऊन उभा राहिला. भिवा म्हणजे आमच्या फुटबॉल संघाचा कप्तान आणि वलवणच्या धरणावरच्या टोळीचा मुकादम. कामाच्या वेळेत तो स्टेशनाकडे कधी फिरकत नाही. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. "सेक्रेटरी, बाळासायेब गेलं," तो म्हणाला. मी मान वर न करताच विचारलं, "कुठं गेले?" आठवड्याच्या मधल्या वारी ते खोपोलीला उतरत, त्यामुळे तसंच काही असेल असं मला वाटलं. भिवा हातातलं मुंडासं फिरवत तसाच उभा राहिला. मग मी वर पाहिलं... आणि माझ्या हातातली पावती मी उगाचच पुन्हा एकदा वाचली. सकाळी कामावर निघताना, व्हरांड्यातल्या बाकावर बसून बूट घालता घालता ते गेले होते. एक बूट पायात होता, दुसरा हातात. भिवा रोजच्यासारखा त्यांना हाक मारायला गेला, तेव्हा त्याला ते नाडी सोडवत बसलेत असंच वाटलं.

बाळासाहेब हे नाव वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे पागोटं घातलेले इनामदार उभे राहतील, म्हणून आधीच सांगतो. त्यांचं खरं नाव बोग्नार बेला. ते हंगेरी देशातल्या बुडापेस्ट शहराचे. त्यांच्याकडे आडनाव आधी आणि नाव मागून लावतात. बोग्नार म्हणजे गाड्या करणारा सुतार, आणि बेला हे तिकडे पुरुषाचं नाव. आपल्या कानाला ते बाईचं वाटतं, शिवाय साहेबाला अशा नावानं हाक कशी मारायची, म्हणून धरणावरच्या मावळ्यांनी पहिल्याच आठवड्यात 'बेलासाहेबा'चं 'बाळासाहेब' करून टाकलं. त्यांनाही ते मानवलं असावं. पुढे पुढे ते स्वतःच कुणाच्या दारात उभे राहून "मी बाळासायेब" अशी ओळख देत.

माझी आणि त्यांची गाठ पार्सलच्या खिडकीवर पडली. मी तळेगावहून नुकताच बदलून आलो होतो. खिडकीबाहेरून आवाज आला, "माजं पार्सल आलंया का वो? म्हमईवरनं?" मी वाकून पाहिलं, तर समोर साडेपाच फुटांचा, तांबूस चेहऱ्याचा, टक्कल पडू लागलेला गोरा माणूस. बोलणारा दुसराच कुणीतरी असेल म्हणून मी त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. धरणाची दारं आणि मोठमोठे नळ यांची देखभाल करायला वीज कंपनीनं त्यांना आणलं होतं. ते यंत्रांच्या कारखान्यात तयार झालेले फिटर. इंग्रजी त्यांना बेताचंच येई. त्यांच्या हाताखालची माणसं सगळी भुशी-वलवणकडची, तेव्हा मराठी ते त्यांच्याकडून शिकले, आणि जशी ऐकली तशीच बोलू लागले. सुरुवातीला मला त्यांच्याबरोबर बाजारातून चालताना संकोच वाटे. एक युरोपियन माणूस मला 'लय' आणि 'न्हाई' करतो आणि मी त्याला शुद्ध पुणेरीत उत्तर देतो, हे ऐकून दुकानदार हसत. त्या पार्सलात दोन फुटबॉल होते, हवा नसलेले, पापडासारखे चपटे. शेजारच्या सायकलवाल्याच्या पंपानं त्यांनी ते तिथेच फुगवले.

त्या दोन चेंडूंवर संघ उभा राहिला. स्टेशनामागच्या माळावर मैदान आखलं. इंजिनावरचे तीन गोवेकर फायरमन, सॅम्युएल नावाचा आमच्या रेल्वेतला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, गार्ड, भुशीचे दोघे शेतकरी भाऊ, शाळेतले एक शिक्षक, एक शिंपी, बाजारपेठेतली काही तरुण मंडळी, आणि भिवा. भिवा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्यासारखा पळणारा माणूस मी पाहिला नाही. चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन जायचा. मला खेळ येत नव्हता, पण माझं अक्षर चांगलं, म्हणून बाळासाहेबांनी मला सेक्रेटरी केलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. तळेगावला आईला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "कातड्याचा चेंडू तू हातात घेतोस का रे?" मी म्हटलं, घेत नाही, फक्त लिहितो. ते तेव्हा खरंही होतं.

संध्याकाळी खेळ संपला की बाळासाहेब गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसत आणि त्यांच्या क्लबची गोष्ट सांगत. एका दिवसात नाही, काही वर्षं मिळून ती आम्हाला पुरी कळली. त्यांच्या उपनगरात कातडी कमावण्याचे कारखाने होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथल्या कामगारांनी विटांसाठी माती काढून उरलेल्या खड्ड्यात खेळायला सुरुवात केली. जागा एका ज्यू धान्यवाल्याची, पहिला चेंडू खोगिरं शिवणाऱ्याच्या हातचा, आणि सदरे तपकिरी, कारण कारखान्यात तोच रंग फुकट मिळायचा. दुसऱ्या पेठेतले लोक त्यांना 'वास मारणारे' म्हणून हिणवत. हे सगळे विटा भाजणारे, खाटीक, विणकर, कुणी कॅथलिक, कुणी ज्यू, आणि सारंगीवाल्या जिप्सी घराण्यातला एकजण. पहाटेपर्यंत भट्टीवर पाव भाजून दुपारी गोलात उभा राहणारा एक पाववाला होता. डाव्या बगलेला खेळायचा त्याचं नाव मिशी. बाळासाहेब म्हणत, "नाव मिशी, आन् तोंडावर केस न्हाई येक." ते स्वतः सोळाव्या वर्षी धाकट्या संघात शिरले, युद्धावर जाऊन आले, आणि परतल्यावर मोठ्या संघात मधल्या फळीचे हाफबॅक झाले.

मग तिकडे फुटबॉल धंदेवाईक झाला, म्हणजे खेळाडूंना रीतसर नोकरीवर ठेवून खेळवू लागले. ते ऐकून भिवानं विचारलं, "खेळायचा पगार? मग काम कवा करायचं?" "खेळ हेच काम," बाळासाहेब म्हणाले. "पर आमी काम सोडलं न्हाई. सकाळी कारखाना, दुपारी मैदान." मोठे क्लब त्यांचे चांगले खेळाडू उचलून न्यायला टपलेले असत. क्लब दोनदा मोडता मोडता राहिला. एका वर्षी तर खालच्या वर्गात ढकलला गेला आणि दुसऱ्या वर्षी परत वर आला. त्या वर येण्याच्या शेवटच्या सामन्यात बाळासाहेबांचा गुडघा गेला. सामना जिंकला की नाही ते मी विचारलं, तर म्हणाले, "जिकला. मला खांद्यावर घिऊन नाचलं. म्या बोंबलत हुतो, त्यास्नी वाटलं खुशीनं." आम्ही खूप हसलो. पण त्यानंतर ते खेळू शकले नाहीत, आणि काही वर्षांनी बोटीत बसून इकडे आले.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अवघड जातं, पण ते गाळून बाळासाहेबांवर लिहिणं खोटं होईल. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. पुण्याच्या एका मंडळानं आमच्या संघाला सामन्याला बोलावलं. आमच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. बोलावण्यात शेवटी अगदी गोड भाषेत लिहिलं होतं की सामन्याआधी सर्वांची एकत्र पंगत आहे, तरी खेळाडू त्या दृष्टीनं निवडून आणावेत. आमचे अध्यक्ष बाजारातले एक वजनदार गृहस्थ. ते मला म्हणाले, "एका सामन्याचा प्रश्न आहे. भिवा समजूतदार आहे. पाय मुरगळलाय म्हणून लिहून टाका, म्हणजे कुणालाच वाईट वाटणार नाही." मी अकरा नावांची यादी केली. भिवाच्या जागी बाजारपेठेतल्या एकाला घातलं. यादी सुवाच्य अक्षरात लिहून सामान ठेवायच्या खोलीच्या दारावर लावली. भिवाला वाचता येत नव्हतं. शिंप्यानं त्याला वाचून दाखवली. त्यानं पायातले बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट पायरीवर ठेवले आणि तो अनवाणी घरी गेला.

यादीवर बाळासाहेबांची सही लागायची, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिची प्रत घेऊन त्यांच्या बंगलीवर गेलो. त्यांनी ती सावकाश वाचली.

"तुमी लिवलं?"

"हो. अध्यक्षांनी सांगितलं तसं."

"अक्षर लय चांगलं हाय," ते म्हणाले. मग ते आत गेले आणि ट्रंकेतून एक पाकीट घेऊन आले. सेन्सॉरनं फाडून पुन्हा चिकटवलेलं. दोन महिन्यांपूर्वी आलेलं ते पत्र त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. "ह्येचंबी अक्षर बगा. लायोश. आमच्या क्लबचा सेक्रेटरी. माजा जुना दोस्त."

अक्षर खरंच सुरेख होतं. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"सरकारनं कायदं केलं. ज्यू मानूस क्लबात नको. अकरात चार ज्यू. चार नावं काडा, न्हाईतर क्लबाला कुलूप. लायोशनं नावं काडली. नवी यादी त्यानंच लिवली. पाववाला गेला, मिशी गेला, आनखी दोगं." त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मला लिवतो, बेला, क्लब वाचला."

बाळासाहेब स्वतः ज्यू होते. सॅम्युएलला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मला त्या दिवशी कळलं. मी चाचरत म्हटलं, "पण क्लब तर वाचला ना..."

"सदरा त्योच हाय. तपकिरी. मैदान त्येच." त्यांनी पत्राची घडी घातली. "मला कुनी इचारलं, बाळासायेब, तुमचा क्लब कंचा, तर आता म्या काय सांगू, सेक्रेटरी?"

त्यांनी मला यादी बदला असं म्हटलं नाही. रागावले नाहीत. सही मात्र केली नाही. कागद माझ्या हातात परत दिला आणि चहा टाकायला उठले. मी तो चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि घरी आलो. पण त्या माणसाचं ते सुंदर अक्षर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बुडापेस्टमधला कुणी लायोश टेबलाशी बसून, टाक बुडवून, एकेक नाव नीट गोलाईत उतरवतो आहे... आणि त्याच्या जागी मी मला स्वतःलाच दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी भिवाच्या वस्तीवर गेलो. लोणावळ्यात इतकी वर्षं काढून त्या वाटेला मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. हातात त्याचे बूट होते. तो बाहेर आला, मला पाहून गडबडला. "तुमी कशापायी आला, सेक्रेटरी? सांगावा धाडायचा, म्या आलो असतो."

"बूट द्यायला आलो. पुण्याला जायचंय."

त्यानं बूट लगेच घेतले नाहीत. "पंगतीचं मला काय बी न्हाई," तो म्हणाला. "पर धा जनांसंगं पळायचं, आन् तहान लागली की येकट्यानं पानी हुडकत फिरायचं. ह्ये आमी हितं रोजच करतो. म्हनलं, चेंडूपाशी तरी नसंल."

 त्याच्या बायकोनं तांब्या आणून ठेवला होता, तो उचलून मी पाणी प्यायलो. मोठं काही केलं असं तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. उशीर केला एवढंच वाटतं.

पुण्याला मी कळवलं की आम्ही पंगतीला येणार नाही, खेळायला येऊ. अध्यक्षांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. बाजारपेठेतल्या मंडळींना घरून मनाई झाली, शिक्षकांना शाळेतून सूचना मिळाली. गाडीत बसायच्या वेळी मोजले तर खेळाडू आठ. नववे बाळासाहेब, चाळिशी उलटलेले, एक गुडघा न वाकणारे. ते म्हणाले, मी गोलात उभा राहतो, तिथे पळावं लागत नाही. मैदानाच्या कडेला एका चिंचेखाली आम्ही भाकऱ्या सोडल्या. सॅम्युएलनं एक घागर भरून आणली, आणि सगळे त्या एकाच घागरीतून प्यायलो. फायरमन, शेतकरी, शिंपी, भिवा, मी. यजमान मंडळी मांडवातून पाहत होती. त्यातले एक वृद्ध गृहस्थ पंगतीतून उठून आमच्याकडे आले, घागरीकडे पाहत उभे राहिले आणि परत गेले. सामना आम्ही सहा गोलांनी हरलो. भिवाचा एक चेंडू खांबाला लागून परत आला, तेवढंच. परतीच्या गाडीत बाळासाहेब सुजलेला पाय समोरच्या बाकड्यावर टाकून बसले होते. सगळे खिडकीबाहेर पाहत होते. तेच म्हणाले, "नऊ जनांत सहाच गोल. कामगिरी वाईट न्हाई." मग कामशेत येईपर्यंत सगळे त्या सहा गोलांवरच भांडत होते.

पुढच्या वर्षी त्यांचा देश शत्रूच्या बाजूनं लढाईत उतरला आणि एका सकाळी फौजदार त्यांना घ्यायला आले. फौजदारांनाच वाईट वाटत होतं. ज्या सरकारला बाळासाहेब ज्यू म्हणून नको होते, त्याच सरकारचा माणूस म्हणून त्यांना इकडे छावणीत डांबलं. दोन पावसाळे ते तिथे होते. जाताना त्यांनी सरावाच्या वेळची आपली शिट्टी भिवाच्या गळ्यात घातली. त्या दोन वर्षांत मी भिवाला अक्षरं शिकवली, संघाची यादी त्याची त्याला लिहिता यावी म्हणून. छावणीतून बाळासाहेब परत आले तेव्हा ते बारीक झाले होते, केस पिकले होते, आणि मराठी होती तशीच होती. खोलीच्या दारावरची यादी वाचून त्यांनी मला विचारलं, "अक्षर असं का?" मी म्हटलं, "भिवानं लिहिलीय." ते ती पुन्हा वाचत राहिले. अकरा नावांना त्यांना बराच वेळ लागला.

युद्ध संपल्यावर एक पत्र आलं, मिशीचं. त्या दिवशी बाळासाहेब ते घेऊन सरळ माझ्या कचेरीत आले आणि उभ्याउभ्याच मला मराठीत सांगू लागले. काढलेल्या चौघांपैकी मिशी एकटाच उरला होता. पाववाला आणि इतर दोघे परत आले नाहीत. मिशी कसा उरला, तर लायोशनं त्याला कारखान्यात, कच्च्या कातड्यांच्या ढिगामागे, सबंध हिवाळाभर लपवलं होतं. वासामुळे शिपाई आत शिरत नसत. लायोश रोज डब्यात स्वतःचं अर्धं जेवण नेत असे. लढाई संपली, क्लब पुन्हा उभा राहिला, पण लायोश मैदानावर येत नाही, कुणाला भेटत नाही. मिशी त्याच्या दारावर जाऊन थकला. तो आतून एवढंच म्हणतो, यादी मी लिहिली होती.

बाळासाहेबांनी लायोशला पत्र लिहायला दोन रविवार घेतले. लिहून झाल्यावर माझ्याकडे आणलं. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. तळाशी त्यांची सही होती, तिच्याखाली थोडी जागा सोडली होती. "हितं तुमी सही करा," ते म्हणाले. "सेक्रेटरी म्हनून. तुमची गोस्ट म्या लिवलीया त्येला. समदी." मी विचारलं, समदी म्हणजे? "यादी, बूट, पुनं, समदी." माझे कान तापले. पण मी देवनागरीत सही केली. सहा महिन्यांनी उत्तर आलं. पत्र नव्हतंच ते. एका कागदावर नव्या संघाची अकरा नावं, आणि त्यांच्या खाली, त्याच शाईत, त्याच सुंदर अक्षरात, आणखी चार. बाळासाहेबांनी एकेका नावावर बोट ठेवून मोजलं. "पंधरा," ते म्हणाले. तो कागद त्यांच्याबरोबर पुरायचा की ठेवायचा, यावर ते गेले त्या दिवशी भिवाचं आणि माझं एकमत झालं नाही. शेवटी त्यांच्या कोटाच्या खिशात तो सापडला, आणि खिशातून तो काढण्याचं धैर्य दोघांनाही झालं नाही; तो त्यांच्याबरोबरच गेला.

सॅम्युएलनं सगळी व्यवस्था केली. पुण्याला त्यांच्या समाजाच्या दफनभूमीत नेलं. प्रार्थना सॅम्युएलनं म्हटली, आम्ही डोकी झाकून उभे राहिलो. माती देताना भुशीचा थोरला भाऊ हळूच म्हणाला, "लय लांबनं आलं हुतं हो." 

गेल्या रविवारी सकाळी मी मैदानावर गेलो. आमचा माळ खडकाळ. पावसानं वरची माती धुपली की खडे वर येतात. खेळायला सुरुवात करण्याआधी सगळा संघ एका रांगेत उभा राहून, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचत जातो. ही बाळासाहेबांची शिस्त. त्यांच्या क्लबात विटांच्या खड्ड्यात सगळेच असं करायचे, खेळाडू, पुढारी, धान्यवालासुद्धा. आमच्याकडे मी तेवढा करत नसे. मी कडेला उभा राहून हजेरी लिहायचो, आणि त्यांनीही मला कधी हाक मारली नाही. परवा रांग उभी राहिली तेव्हा मधे एक जागा मोकळी होती. बाळासाहेब उभे राहायचे ती. नव्यानं आलेला एक फायरमन तिथे सरकू लागला, तर भिवा म्हणाला, "ऱ्हाऊ दे." रांग निघाली. सगळे वाकलेले, आणि त्या मोकळ्या पट्टीतले खडे तसेच मागे राहत चाललेले मला कडेवरून दिसत होते. मी हजेरीची वही गवतावर ठेवली, चपला काढल्या आणि जाऊन त्या पट्टीत वाकलो. भिवानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाऊल जरा आखडतं घेतलं, म्हणजे मला गाठता यावं. जमीन रात्रीच्या पावसानं गार होती. मैदानाच्या मध्यापर्यंत पोचता पोचता माझी ओंजळ भरली.